धातूचा थकवा – लेखांक ६ : बिंदू अकरा हजार, साक्षीदार अडुसष्ट

चेन्नईत तरमणी येथे सीएसआयआरचे संरचना अभियांत्रिकी संशोधन केंद्र आहे. अणुवीज केंद्रांत वापरल्या जाणाऱ्या पोलादी नळ्यांना मुद्दाम खाच पाडून, त्यांच्यावर पुन्हा पुन्हा भार देऊन भेग कशी वाढते हे तिथे तपासले गेले आहे. अशा मोजमापांवर पॅरिस-एर्डोगन नियमाची रेषा बसवतात, हे मागच्या लेखांकात आले. दर आवर्तनाला भेग किती वाढली आणि भेगेच्या टोकाशी ताण-तीव्रतेचा पल्ला किती होता, या दोहोंचे लघुगणक मांडले की मधल्या टप्प्यात बिंदू सरळ रेषेत येतात. पोलादासाठी तिचा चढ ३ च्या आसपास असतो. बिंदू रेषेला चिकटून असले की आयुष्याचा अंदाजही भरवशाचा, असा समज रूढ आहे. माझ्या मते तो धोक्याचा आहे. बिंदू रेषेपासून किती दूर पडले यापेक्षा एका तुकड्याचे सगळे बिंदू एकाच बाजूला पडले का, हा प्रश्न मोठा आहे.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा १९७९ चा आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात व्हर्कलर आणि सहकाऱ्यांनी ॲल्युमिनियमच्या एकाच मिश्रधातूचे ६८ एकसारखे तुकडे एकाच भाराखाली तपासले. प्रत्येकात भेग ९ मिलिमीटरपासून ४९.८ मिलिमीटरपर्यंत वाढू दिली आणि प्रत्येकाची १६४ वाचने घेतली. काही तुकड्यांना सव्वादोन लाखांच्या आसपास आवर्तने पुरली, तर काही तीन लाखांच्या पुढे टिकले. सगळी वाचने एकत्र केली तर ११,१५२ होतात, आणि त्यांवर बसवलेल्या रेषेचे स्थिरांक कागदावर फारच अचूक दिसतात. पण एकाच मतदाराला १६४ वेळा विचारल्याने मतदार वाढत नाहीत. इथे स्वतंत्र साक्ष ६८ तुकड्यांचीच आहे.

आलेखावरच्या चुका दोन जातींच्या असतात. भेगेची लांबी एका वाचनात जरा जास्त मोजली गेली, तर आधीचा वेग वाढलेला आणि लगेच पुढचा घटलेला दिसतो. शेजारच्या चुका एकमेकींच्या विरुद्ध जातात आणि आयुष्याची बेरीज करताना बऱ्याचशा फिटतात. आलेख विस्कटतो, पण अंदाजाचे फारसे बिघडत नाही. दुसरी जात तुकड्याच्या घडणीतून येते. एखाद्या तुकड्यात भेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत २० टक्के अधिक वेगाने वाढत असेल, तर त्याचे आयुष्य एक षष्ठांशाने घटते, आणि ही चूक कुठेच फिटत नाही. बिंदूंचा सगळा विखुरलेपणा पहिल्या जातीचा धरला, तर हिशेबातून आयुष्यांची तफावत जवळजवळ नाहीशी होते. व्हर्कलरच्या तुकड्यांत ती ढळढळीत दिसते.

यावर अभियंते म्हणतील, की बीएस ७९१० सारखी मानके सरासरीवर दोन प्रमाण विचलने चढवतात, मग काळजी कशाची? पण हे विचलन कोणत्या चुकांचे? मोजमाप खरबरीत असेल तर ते उगाच फुगते. उलट सगळे तुकडे एकाच ओतीचे, म्हणजे भट्टीतून एका वेळी ओतलेल्या धातूचे असतील तर ते अपुरे पडते, कारण दुसऱ्या ओतीत काय घडेल याची त्यात नोंदच नसते. दुसरा आक्षेप खर्चाचा आहे आणि तो खरा आहे: ६८ नळ्या कोणी तोडणार नाही. मात्र वेगवेगळ्या ओतींतून कापलेले छोटे तुकडे परवडतात. प्रत्येकावर वाचने थोडी कमी घ्यावीत, तुकडे वाढवावेत. रेषेचा चढ सर्वांना समान धरून तिची उंची तुकड्यागणिक बदलू द्यावी. चढ आणि उंची स्वतंत्रपणे बदलू दिल्या, तर त्यांचा परस्परसंबंध तुटतो आणि कोणत्याच पोलादात न आढळणाऱ्या जोड्या हिशेबात शिरतात. मोजक्या नळ्यांच्या चाचण्या मग या अंदाजाची परीक्षा घेण्यासाठी राखून ठेवता येतात.