फ्रेम विकली, आता फोन कोणाला येणार? वायफाय फोटो फ्रेमचं काम आणि त्यातला धंदा



या वेळचा व्हिडिओ वसईतल्या पापडीत शूट केला. आपल्या बॅचमधल्या एका मुलाचं तिथे छोटं दुकान आहे. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन असं सगळं तो करतो. गेल्या वर्षी त्याने वायफायवर चालणाऱ्या डिजिटल फोटो फ्रेम विकायला सुरुवात केली. कल्पना चांगली होती. पापडीत, गिरीजमध्ये, नंदाखालला घरटी कोणी ना कोणी परदेशात. मुलगा कॅनडात, मुलगी आखातात, आणि इथे मोठ्या घरात दोघंच म्हातारे.

पहिली फ्रेम त्याने ओळखीतल्या एका आंटींच्या घरी लावली. मुलगा टोरंटोहून फोटो पाठवायचा, इथे सकाळी उठल्यावर नातवाचा चेहरा दिसायचा. दोन महिने सगळं छान चाललं. मग नवीन फोटो यायचे बंद झाले. जुनेच फिरत राहिले. आंटी कोणाला काही बोलल्या नाहीत. तीन आठवड्यांनी चर्चबाहेर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "बाबा, आता त्याला वेळ नसंल. कामात असंल."

मुलगा मात्र रोज फोटो पाठवत होता. झालं होतं एवढंच, की इंटरनेटवाल्याने राऊटर बदलला होता आणि नवीन पासवर्ड फ्रेमला कोणी दिलाच नव्हता. पाच मिनिटांचं काम! पण त्या तीन आठवड्यांत एका आईला काय वाटलं असेल? आपल्या मुलाने तेव्हाच ठरवलं की हा धंदा करायचा तर मशीन आतून समजून घ्यायचं. आज आपण तेच करू.

फोटो टोरंटोहून पापडीला येतो कसा?

फ्रेम म्हणजे भिंतीवरचा किंवा टेबलावरचा एक साधा टॅब्लेट समजा. आत एलसीडी पडदा, छोटा प्रोसेसर, वायफायची चिप आणि मेमरी. बाजारात खूप चालणारा प्रकार १०.१ इंची, १२८० गुणिले ८०० पिक्सेलचा. बऱ्याच स्वस्त फ्रेममध्ये आत अँड्रॉइडच असतं. बॅटरी बहुतेकांत नसते, म्हणजे लाईट गेली की फ्रेम बंद.

प्रवास असा होतो:

१. मुलगा फोनमधल्या अ‍ॅपमध्ये फोटो निवडतो. अ‍ॅप सहसा फोटो लहान करतं, कारण पडद्याला मुळात दहा लाखांच्या आसपास पिक्सेल पुरतात.

२. फोटो इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर जातो.

३. घरातली फ्रेम वायफायवरून त्या सर्व्हरशी संपर्कात असते. "तुझ्यासाठी काहीतरी आलंय" असा निरोप मिळाला की ती फोटो उतरवून घेते.

४. फोटो पडद्यावर येतो आणि बाकीच्यांबरोबर फिरू लागतो.

आता लक्षात घ्या, यात ब्लूटूथ नाही, दोन्ही फोन एका वायफायवर असण्याची गरज नाही. फ्रेमला इंटरनेट पाहिजे, बस. आणि इंटरनेट तुटलं तरी मेमरीतले जुने फोटो फिरतच राहतात. म्हणून तर आंटींना बिघाड कळला नाही. फ्रेम काळी पडली असती तर त्यांनी पहिल्याच दिवशी फोन केला असता.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत सेइवा कंपनीची फ्रेम २००० सालच्या आसपास आली, तेव्हा घराघरात वायफाय नव्हतं. ती फ्रेम टेलिफोनच्या वायरीवरून रात्री नंबर फिरवून फोटो उतरवायची.

दोन प्रकार, आणि गिऱ्हाइकाला सांगायचा फरक

पहिल्या प्रकारात सर्व्हर फक्त पोस्टमन असतो. फोटो फ्रेमच्या मेमरीतच राहतात. फ्रेमिओ अ‍ॅपवर चालणाऱ्या फ्रेम अशा असतात. फ्रेम एक कोड देते, तो ज्याला सांगाल तो फोटो पाठवू शकतो.

दुसऱ्या प्रकारात फोटो कंपनीच्या खात्यात, म्हणजे क्लाउडवर राहतात. सोय जास्त, पण नियम कंपनीचे. निक्सप्लेने २०२५ मध्ये मोफत साठवण १० जीबीवरून ५०० एमबीवर आणली. म्हणून विकण्याआधी एकच प्रश्न विचारा: उद्या वर्गणी भरली नाही तर फोटोंचं काय होणार?

विकण्याआधी दुकानात तपासा

वायफाय: बऱ्याच फ्रेम फक्त २.४ गीगाहर्ट्झवर चालतात. घरच्या राऊटरवर दोन नावं दिसत असतील तर ५ वालं सोडून दुसरं निवडा. जुन्या जाड भिंतींतून २.४ चा सिग्नल जास्त आत पोचतो, हा त्याचा फायदाच.

पडदा: आयपीएस आहे का बघा. नसेल तर खुर्चीत बाजूला बसलेल्याला रंग उडालेले दिसतात.

उभे फोटो: आडव्या फ्रेममध्ये मोबाईलचा उभा फोटो आला की डोकी कापली जातात. सेटिंगमध्ये "पूर्ण फोटो दाखवा" हा पर्याय घरी जाऊन स्वतः लावून द्या.

अ‍ॅडॉप्टर: बीआयएसची खूण आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा.

सुरक्षा: २०२५ मध्ये संशोधकांना काही स्वस्त अँड्रॉइड फ्रेम चालू होताच घातक सॉफ्टवेअर उतरवताना सापडल्या. त्यामुळे बिननावाचा माल शंभर नग उचलू नका. आधी एक आणा, महिनाभर स्वतःच्या घरी चालवा. आणि गिऱ्हाइकाच्या राऊटरवर 'गेस्ट' वायफाय असेल तर फ्रेम त्यावर जोडा.

आता हिशोब

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमच्या भागाप्रमाणे बदला. फ्रेम तुम्हाला ६,५०० ला पडली, ७,००० ला विकली. मार्जिन ५००. ऑनलाईन भाव गिऱ्हाईक समोरच मोबाईलवर बघतो, त्यामुळे जास्त लावता येत नाही. इथेच बहुतेक जण धंदा सोडतात.

आपल्या मुलाने काय केलं? घरी जाऊन बसवून देण्याचे ८००. कपाटातल्या अल्बममधले १०० जुने फोटो स्कॅन करून टाकायचे १०००, त्यात खर्च २००. वर्षाची देखभाल १,२००, त्यात तीन फेऱ्या, पेट्रोल ३००. बेरीज करा: ५०० अधिक ८०० अधिक ८०० अधिक ९००. एका घरामागे पहिल्या वर्षी ३,०००. त्यातले ५०० खोक्याचे, २,५०० सेवेचे. तुमच्या वेळेची किंमत मात्र यातूनच काढायची आहे, हे विसरू नका.

विजेची भीती गिऱ्हाईक हमखास काढतं. ७ वॉटची फ्रेम रोज १६ तास चालली तर महिन्याला साडेतीन युनिटच्या आत. रात्री आपोआप बंद होण्याची वेळ लावून द्या.

वस्तू आणि सेवा दोन्ही देताय, तर आपल्याकडे जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची उलाढाल. फक्त मालासाठीची ४० लाखांची मर्यादा इथे धरू नका.

विश्वास हाच माल

तुम्ही लोकांच्या घरातले फोटो हाताळताय. फ्रेमचा कोड म्हणजे घराची किल्ली. सेटिंग करताना स्वतःचा फोन जोडला असेल तर निघताना गिऱ्हाइकासमोर काढून टाका. स्कॅन केलेले फोटो त्यांच्या पेन ड्राईव्हवर द्या आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवरून पुसा.

आता आपला मुलगा फ्रेममागे एक स्टिकर लावतो, मोठ्या अक्षरात: "सात दिवस नवीन फोटो नाही? मला फोन करा." खाली त्याचा नंबर. परदेशातल्या मुलालाही तो सांगून ठेवतो, राऊटर बदलला की मला कळवा.

आंटींनी त्या दिवशी पासवर्ड टाकून झाल्यावर तीन आठवड्यांचे अडकलेले फोटो एकामागून एक उतरताना पाहिले. नंतर त्यांनीच आणखी चार घरं मिळवून दिली. जाहिरातीवर एक रुपया खर्च नाही.

या आठवड्याचं काम: तुमच्या गल्लीतली अशी दहा घरं वहीत लिहा, जिथे मुलं बाहेर आहेत आणि घरात वायफाय आहे. त्यातल्या तिघांशी बोला. विकू नका, फक्त विचारा, मुलांचे फोटो तुम्ही कशावर बघता? उत्तरं लिहून ठेवा. पुढच्या व्हिडिओत त्यावरून दरपत्रक बनवू.

भेटू या, मित्रांनो. धंदा करा, हिशोबाने करा.