शिवराज अष्टकातील कथनक्रम

दिग्पाल लांजेकर दिग्दर्शित ‘शिवराज अष्टक’ या चित्रपटमालिकेचे पहिले चार चित्रपट काळात उलटे जातात: ‘फर्जंद’ (२०१८) १६७३चा, ‘फत्तेशिकस्त’ (२०१९) १६६३चा, ‘पावनखिंड’ (२०२२) १६६०चा, ‘शेर शिवराज’ (२०२२) १६५९चा प्रसंग सांगतो. ‘स्टार वॉर्स’च्या पूर्वकथात्रयीवर (१९९९–२००५) शेवट आधीच ठाऊक असल्याचा आक्षेप घेतला जातो. येथे तो लागू पडत नाही. हा शेवट शाळकरी मुलांनाही पाठ असतो. खरा दोष कारणपरंपरेचा. अफझलखानवधानंतर महाराजांनी पन्हाळा घेतला, म्हणून सिद्दी जौहरचा वेढा पडला. पडद्यावर मात्र वेढा आधी, वध नंतर. खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीची लढाई (२ फेब्रुवारी १६६१) ही पावनखिंड व लालमहाल यांमधली कडी. तिचे स्थानही सुलट क्रमानेच उमगते.