विमानातील आसन : मागण्याची रीत आणि नाकारण्याचा अधिकार

विमानप्रवास ही आपल्या कुटुंबांत आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. मालाच्या खरेदीसाठी दिल्लीला निघालेले व्यापारी, बंगळुरूला नोकरी करणारी कन्या, शिखरजीच्या दर्शनासाठी रांचीपर्यंत विमानाने जाणारे वयोवृद्ध दांपत्य, दिवाळीच्या सुट्टीत नातवंडांसह निघालेला परिवार, असे सारेजण आज एकाच विमानात शेजारी-शेजारी बसलेले दिसतात. प्रवास ज्या वेगाने वाढला त्या वेगाने त्याचे रीतिरिवाज मात्र अंगवळणी पडलेले नाहीत. याचा प्रत्यय सर्वप्रथम येतो तो आसनाच्या बाबतीत. “जरा तिकडे बसता का?” या साध्या प्रश्नाने सुरू झालेले संभाषण कधी परस्परांच्या समाधानाने संपते, तर कधी दोन तासांच्या कडवट अबोल्याने.

रेल्वेची सवय, विमानाची व्यवस्था

आपले प्रवासाचे संस्कार घडले ते रेल्वेच्या डब्यात. तेथे कोणता बर्थ मिळेल हे बहुतांशी संगणक ठरवतो. ६० वर्षांवरील पुरुषांना आणि ४५ वर्षांवरील स्त्रियांना उपलब्धतेनुसार खालचा बर्थ देण्याची सोय आहे. तरीही एखाद्या आजींच्या वाट्याला वरचा बर्थ येतो आणि समोरचा तरुण त्यांनी शब्द उच्चारण्याआधीच आपली चादर-उशी घेऊन वर चढतो. या देवाणघेवाणीत त्याचे आर्थिक नुकसान नसते, कारण दोन्ही बर्थ एकाच भाड्याचे असतात. “थोडे सांभाळून घ्या हो” हे वाक्य तेथे सहज शोभून दिसते.

विमानाची व्यवस्था निराळी आहे. पसंतीच्या आसनासाठी तिकिटाव्यतिरिक्त वेगळे शुल्क आकारण्याची मुभा आपल्याकडील विमान कंपन्यांना गेल्या दशकाहून अधिक काळ आहे. देशांतर्गत मार्गांवर नित्य दिसणाऱ्या एअरबस ए-३२० विमानात एका रांगेत तीन अधिक तीन अशी सहा आसने असतात. ए आणि एफ ही खिडकीची, सी आणि डी ही मार्गिकेलगतची, तर बी आणि ई ही मधली. खिडकी, मार्गिका, पुढच्या रांगा, पाय पसरण्यास अधिक जागा असलेल्या रांगा यांना मागणी अधिक आणि म्हणून त्यांना शुल्कही अधिक. मधली व मागची आसने शेवटी उरतात. त्यामुळे १२ सी वर बसलेल्या गृहस्थांनी ती जागा बऱ्याचदा विचारपूर्वक निवडलेली आणि पैसे भरून घेतलेली असते. रेल्वेतील ओळखीचे वाक्य तेथे उच्चारताना या फरकाचे भान ठेवणे आवश्यक आहे.

वाचवलेले शुल्क कोणाच्या खात्यावर?

आपण व्यापारी माणसे. अनावश्यक खर्च टाळणे हा आपला स्वभाव आणि तो चांगलाच आहे. सहा जणांच्या तिकिटांवर आसननिवडीचे पैसे वाचवले तर त्यात गैर काहीही नाही. गैर सुरू होते ते विमानात शिरल्यानंतर, जेव्हा ती बचत परक्या प्रवाशाने भरून द्यावी अशी आपण अपेक्षा धरतो. एका ग्राहकाने मूल्य देऊन बाजूला ठेवलेले कापड दुसऱ्याने “मला याची जास्त गरज आहे” म्हणून उचलले, तर आपण आपल्या पेढीवर ते चालवून घेणार नाही. आसनाच्या बाबतीत हाच हिशेब लागू करावा.

लहान मुलांच्या बाबतीत नियम आपल्या बाजूने आहे, परंतु त्याची अट अनेकांच्या लक्षात येत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना निर्देश दिले की, १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकाशेजारी आसन द्यावे. यातील ‘त्याच पीएनआरवर’ हे शब्द महत्त्वाचे. आपल्यापैकी अनेकजण स्वतःचे तिकीट पेढीच्या जीएसटी क्रमांकावर काढतात आणि घरच्यांचे वेगळे काढतात. आजी-आजोबांचे तिकीट तिसरीकडून येते. संगणकाच्या दृष्टीने ही तीन अनोळखी कुटुंबे असतात. म्हणून मुलांसोबत आई किंवा वडील एकाच आरक्षणात असतील एवढे तरी पाहावे. निराळी तिकिटे अपरिहार्य असतील, तर विमान कंपनीला आधीच कळवावे.

दुसरी काळजी वेब चेक-इनची. अनेक देशांतर्गत विमानसेवांचे वेब चेक-इन उड्डाणाच्या ४८ तास आधी खुले होते. जो आधी येईल त्याला निवडीस वाव अधिक मिळतो. विमानतळावर पोहोचल्यावर अडचण लक्षात आली, तर ती काउंटरवरच सांगावी. तेथील कर्मचाऱ्यासमोर साऱ्या विमानाचा नकाशा असतो. आपल्यासमोर मात्र केवळ शेजारचा प्रवासी असतो.

मागावे कसे?

एवढे करूनही विनंतीची वेळ येते. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आईला मधले आसन मिळते, किंवा ऐनवेळी विमान बदलल्यामुळे साऱ्या जागा विस्कटतात. अशा वेळी विनंती करण्यात संकोच नसावा. मात्र तिची रीत सांभाळावी.

पहिली गोष्ट, आधी विचारावे, मग बसावे. दुसऱ्याच्या जागी अगोदर बसून, तो आल्यावर “आपण तिकडे बसा ना” असे सुचवणे म्हणजे त्याला नकाराची संधीच न देणे होय. ‘अदत्तादान’ या शब्दाचा अर्थ पाठशाळेत शिकून आलेले आपले मूल शेजारी उभे असते, हेही विसरू नये.

दुसरी गोष्ट, बदल्यात देऊ केलेली जागा त्या जागेच्या तोडीची किंवा अधिक चांगली असावी. मार्गिकेच्या बदल्यात मार्गिका, खिडकीच्या बदल्यात खिडकी, आणि शक्यतो पुढची रांग. २७ ई देऊन ४ सी मागणे हा सौदा नव्हे. कुटुंबाला एकत्र बसायचे असेल, तर चांगले आसन मिळालेल्या सदस्याने ते सोडून मधल्या आसनाकडे जावे. आपल्यातील जागा सोडून दुसऱ्याची मागणाऱ्याचे शब्द जड पडत नाहीत.

तिसरी गोष्ट, कारण खरे आणि थोडक्यात सांगावे. “नमस्कार, माझ्या आईंना पाय दुमडून बसता येत नाही. माझी सहाव्या रांगेतील मार्गिकेची सीट आहे. आपल्याला चालत असेल तर बदलून घेता का? नसेल तरी हरकत नाही.” एवढे पुरे. शेवटचे वाक्य मनापासून म्हणावे. होकार मिळाला तर त्यांची बॅग नव्या जागेजवळ नेऊन ठेवण्यास आपण हात लावावा. तोवर मार्गिका अडवू नये; मागे पन्नास माणसे खोळंबलेली असतात.

‘नाही’ म्हणणाऱ्याचे मन

विनंती ही विनंती असेल, तर तिला नकार मिळण्याची शक्यता गृहीत धरलेली असते. नकार देणाऱ्याला कारण सांगण्याचे बंधन नाही. त्याला विमानात घाबरल्यासारखे होत असेल, वारंवार प्रसाधनगृहाकडे जावे लागत असेल, उतरताच पुढचे विमान गाठायचे असेल, अथवा केवळ खिडकीतून ढग पाहण्याची हौस असेल. हौसेसाठी भरलेले पैसेही त्याचेच असतात.

आपल्याकडे याचा सर्वांत जास्त भार पडतो तो एकट्या प्रवास करणाऱ्या तरुण मुलीवर. ती एकटी आहे, वयाने लहान आहे, नाही म्हणणार नाही, असे गृहीत धरून आधी तिलाच विचारले जाते. तिने कदाचित दोन अनोळखी पुरुषांच्या मध्ये बसावे लागू नये म्हणूनच मार्गिकेचे आसन घेतलेले असते. “आजकालच्या मुलींना वडीलधाऱ्यांची कदर नाही” हे वाक्य अशा वेळी कानावर येते. ते बोलणाऱ्याने आपली नात दुसऱ्या एखाद्या विमानात अशाच मधल्या आसनाकडे ढकलली जात असल्याचे क्षणभर डोळ्यांसमोर आणावे.

डिसेंबर २०२४ मध्ये ब्राझीलमधील एका विमानात एका तरुणीने आपले खिडकीचे आसन रडणाऱ्या मुलासाठी सोडण्यास नकार दिला. तिचे चित्रीकरण करून कोणीतरी ते समाजमाध्यमांवर टाकले आणि काही दिवसांत ती जगभर चर्चेचा विषय झाली. आसन तिचे होते आणि ती शांतपणे बसलेली होती, एवढेच तिचे वर्तन. एखाद्याच्या नकारावर मोबाईलचा कॅमेरा रोखणे हा दबावाचा प्रकार आहे. तो आपल्या मुलांकडून कधीही घडू नये.

नकार देणाऱ्यानेही सौजन्य सोडू नये. “माफ करा, मी ही सीट मुद्दाम घेतली आहे” एवढे हसून म्हटले, तर समोरच्याचा मान राहतो. कानात हेडफोन घालून न ऐकल्यासारखे करणे हा उद्धटपणा ठरतो. आणि आपली अडचण नसेल, तर जागा जरूर द्यावी. तान्ह्या बाळापासून दूर बसलेली आई किंवा थरथरत्या हाताचे आजोबा यांच्यासाठी दोन तास मधल्या आसनावर बसणे ही मोठी गोष्ट नव्हे. दिल्यानंतर मात्र त्याची वाच्यता करू नये.

अदलाबदल कोठे करू नये?

काही जागा परस्पर बदलणे सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्य नसते. आपत्कालीन दरवाजाजवळच्या रांगेत प्रसंगी दार उघडण्यास मदत करू शकेल असाच प्रवासी बसवतात. पाय पसरण्यास जागा अधिक म्हणून तेथे वृद्ध आईला, गर्भवती सुनेला किंवा मुलाला बसवता येत नाही. मांडीवर तान्हे बाळ असलेल्या मातेच्या जागेचाही विचार वेगळा असतो. प्रत्येक आसनसमूहावरील प्राणवायूच्या मुखवट्यांची संख्या मर्यादित असल्याने दोन तान्ही बाळे सहसा एका बाजूच्या आसनांवर बसवत नाहीत. कोल्हापूरसारख्या विमानतळांवर येणाऱ्या एटीआरसारख्या लहान विमानांत प्रवाशांच्या वजनाचा समतोल पाहून जागा ठरवलेल्या असतात. उड्डाणापूर्वी रिकाम्या रांगेकडे आपणहून सरकणे तेथे मुळीच योग्य नाही. मोठ्या विमानातही पुढची रिकामी आसने विक्रीची असतात. कर्मचाऱ्यांना विचारूनच तेथे बसावे.

आपल्या घरांसाठी आणखी एक मुद्दा. आंतरराष्ट्रीय विमानसेवांत जैन भोजनासाठी ‘व्हीजेएमएल’ या संकेताने आगाऊ नोंद करावी लागते आणि ते ताट कर्मचारी आसनक्रमांक पाहून आणून देतात. जागा बदलली आणि सांगितले नाही, तर आपले ताट परक्याच्या हाती आणि परक्याचे आपल्यासमोर येण्याचा संभव असतो. चोविहार पाळणाऱ्या ज्येष्ठांची याने विशेष कुचंबणा होते. सूर्यास्त होऊन जातो आणि ताटाचा शोध चालूच राहतो. म्हणून जागा बदलताच नाव, जुना क्रमांक आणि नवा क्रमांक कर्मचाऱ्यांना सांगावा.

यात्रेचा समूह निघाला असता

चाळीस जणांचा संघ विमानात शिरतो तेव्हा सर्वांचे लक्ष त्याच्याकडे जाते. हाका, डब्यांची देवघेव, “भाभी, तुम्ही इकडे या” असे आग्रह, आणि विमान सुटण्याची वेळ झाली तरी निम्मे जण उभेच, हे चित्र आपण पाहिलेले आहे. संयोजकांनी निघण्यापूर्वीच आसनांची यादी करावी. ज्येष्ठांना मार्गिका, मुलांना पालकांजवळची जागा, तरुणांना मधली व मागची आसने अशी वाटणी घरीच झाली, की विमानात कोणाला विनवण्याचा प्रसंग येत नाही. गप्पांसाठी जवळ बसण्याची इच्छा समजण्याजोगी आहे. पण तिच्यासाठी परक्या प्रवाशाला उठवणे योग्य नव्हे. प्रवाशाला संयोजकाचे नाव ठाऊक नसते. त्याच्या लक्षात राहतो तो समाज.

वाद उद्भवलाच तर

एकाच आसनावर दोघांचा हक्क निघाला, तर आधी दोघांनी बोर्डिंग पासवरील तारीख, विमानाचा क्रमांक आणि रांगेचे अक्षर पडताळावे. पुष्कळदा बी आणि डी या अक्षरांतच घोटाळा असतो. त्यानेही उलगडा झाला नाही, तर कर्मचाऱ्यांना बोलवावे आणि त्यांचा निर्णय मान्य करावा. पैसे भरलेले आसन मिळाले नाही, तर बोर्डिंग पास व पावती जपून ठेवून नंतर कंपनीकडे रीतसर मागणी करावी. विमानात आवाज चढवण्याची किंमत मोठी असू शकते. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या नियमांत गैरवर्तनाचे तीन स्तर केलेले आहेत. त्यांत शाब्दिक गैरवर्तनासाठी ३ महिन्यांपर्यंत, तर अंगाला हात लावल्यास ६ महिन्यांपर्यंत विमानप्रवासास बंदी होऊ शकते. व्यवसायानिमित्त दर पंधरवड्याला प्रवास करणाऱ्यास ही बंदी परवडणारी नाही.

विमानातील शेजारी बहुधा पुन्हा भेटत नाही. त्याच्याशी नीट वागण्यात व्यवहाराचा लाभ शून्य असतो, आणि नेमके म्हणूनच ते वर्तन मुलांच्या लक्षात राहते. वडिलांनी नकार कसा ऐकून घेतला, आईने आपले खिडकीचे आसन कोणाला दिले, आजोबांनी आभार कसे मानले, हे ती शेजारच्या आसनावरून पाहत असतात. पुढच्या सुट्टीचे तिकीट काढताना एवढी एकच गोष्ट करावी. आसनांची पाटी संगणकावर उघडली की घरातल्या सर्वांना जवळ बोलवावे, आणि मधले आसन या वेळी कोण घेणार हे आपसांत ठरवून टाकावे.