शेवटचे काही मायक्रॉन

नाशिक रोडच्या गांधीनगरवरून चेतक किंवा चीता घरघरत गेलं, तरी मान वर करून बघणारा नाशिककर आता विरळाच. 2003 पासून तिथे लष्कराचं कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल आहे, त्यामुळे हेलिकॉप्टर ही इथली रोजची गोष्ट झाली. चेतक आणि चीता, दोघांच्याही पोटात मुळात आर्टूस्ट जातीचं टर्बाइन. टर्बाइनला पिस्टन नाही, की लायनरवर घासणाऱ्या रिंगा नाहीत. ओव्हरहॉल झालं की टेस्ट बेडवर तपासायचं, आकडे जुळले की चढवायचं. पण हेलिकॉप्टर सव्वा-दीड मीटर रोटरचं केलं, त्यात आठ सीसीचं ग्लो इंजिन बसवलं आणि हातातल्या रेडिओवर उडवायला घेतलं, की मामला उलटा होतो. खऱ्या हेलिकॉप्टरच्या इंजिनाने कधी मागितले नसतील इतके लाड हे बारकं इंजिन पहिल्या काही टाक्यांत करून घेतं.

पन्नाशी उलटलेल्या वाचकांना हा प्रकार नवा नाही. घरात नवी बजाज चेतक आली की वडील महिनाभर कुणाला किल्ली देत नसत. वेग वाढवायचा नाही, डबलसीट घाट चढायचा नाही, आणि पेट्रोलमधल्या ऑइलच्या मापात काटकसर तर मुळीच करायची नाही. ‘रनिंगमध्ये आहे’ एवढं म्हटलं की शेजारीही गाडी मागायला येत नसे. हल्लीच्या गाड्यांना हे सोपस्कार जवळपास लागत नाहीत, कारण कारखान्यातलं होनिंग सुधारलं. ग्लो इंजिनात मात्र शेवटचा हात मालकालाच फिरवावा लागतो, आणि तो न फिरवता थेट कसरतीला निघालेली इंजिनं बऱ्याचदा अकाली ढिली पडतात.

हा शेवटचा हात म्हणजे नेमकं काय, ते सातपूर-अंबडच्या फिटरला समजवावं लागत नाही. बॉशच्या नाशिक कारखान्यात डिझेल इंजिनांचे नोझल आणि इंजेक्टर होतात. नोझलची सुई आणि तिची बॉडी इतकी नेमकी बसलेली असते की एकीची सुई दुसरीत चालत नाही. ग्लो इंजिनाचा पिस्टन आणि लायनरही असेच जोडीचे. फरक एवढाच की नोझलची जोडी कारखान्यात पूर्ण होते, आणि इंजिनाच्या जोडीतले शेवटचे काही मायक्रॉन उष्णता, तेल आणि घर्षण मिळून उतरवतात.

बऱ्याच ग्लो इंजिनांत रिंग नसतेच. पिस्टन ॲल्युमिनियमचा, लायनर पितळेचा, लायनरला आतून क्रोमचा मुलामा. याला एबीसी बांधणी म्हणतात. लायनर वरच्या टोकाला किंचित अरुंद ठेवलेला असतो. थंड इंजिन हाताने फिरवून पाहा: पिस्टन खालून मोकळा येतो, वरच्या टोकाशी आला की अडतो, जोर दिला की बारीक ‘चिक्’ असा आवाज करून पार होतो. नवशिक्याला वाटतं माल खराब निघाला. इंजिन चालू झालं की डोक्याजवळचा भाग सगळ्यात जास्त तापतो, तिथे लायनर सगळ्यात जास्त फुलतो आणि नळी सरळ होते. जोडी जमते ती तापल्यावरच. म्हणून जाणकार असं इंजिन थंड असताना उगाच फिरवत बसत नाहीत. नाशिकच्या जानेवारीत तर आधी हेअर ड्रायरने हेड कोमट करून घेतात, मगच स्टार्टर लावतात.

इथेच एक जुना सल्ला नडतो. ‘पहिले काही दिवस जितकं रिच तितकं बरं’, म्हणजे इंधन भरपूर, हवा कमी. लोखंडी पिस्टनच्या आणि रिंगवाल्या इंजिनांच्या काळात तो ठीक होता, रिंगवाल्यांना आजही बराचसा लागू आहे. एबीसी इंजिन मात्र इतकं रिच चालवलं की ते तापतच नाही. लायनर अरुंदच राहतो आणि पिस्टन प्रत्येक फेरीत त्या अडणीवरून खरवडत जातो. काळजीपोटीच इंजिन झिजवण्याचा हा प्रकार. माझ्या मते लीन चालवून जाळलेल्या इंजिनांइतकीच इंजिनं या भिडस्तपणाने वाया जात असावीत, फक्त ती मुकाट्याने मरतात म्हणून त्यांची चर्चा होत नाही.

लीन चालवणं वाईट का, तर या इंजिनाला वेगळं ऑइल नसतं. तेल इंधनातच मिसळलेलं. इंधन म्हणजे मुख्यतः मिथेनॉल, त्यात साधारण पाचवा हिस्सा तेल, आणि ताकदीसाठी नायट्रोमिथेन. कार्बोरेटरची नीडल आवळली की इंधन कमी, म्हणजे तेल कमी आणि गारवाही कमी. तेलात सिंथेटिक असतं, पण पहिल्या टाक्यांसाठी एरंडेल हवंच, असं मानणारे बरेच आहेत. सिंथेटिक जळून गेलं तरी एरंडेलाचा थर तापल्या धातूला धरून राहतो. पहिल्या महायुद्धातल्या रोटरी इंजिनांतही एरंडेलच असे, आणि धूर गिळून गिळून वैमानिकांचं पोट बिघडे म्हणतात. आपल्या पिढीला त्या तेलाचा पराक्रम आईने नाक दाबून पाजताना कळलेलाच आहे. मिथेनॉलशी मात्र थट्टा नको. 2015 साली मुंबईतल्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली ती याच द्रवाच्या दारूने, आणि त्याची ज्योत भर उन्हात दिसतसुद्धा नाही.

या इंजिनाला स्पार्क प्लग नाही, मॅग्नेटो नाही. प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक तार दीड व्होल्टवर लाल करायची, इंजिन धरलं की बॅटरी काढून घ्यायची. मिथेनॉलच्या वाफेशी प्लॅटिनमची अशी रासायनिक क्रिया होते की तार पुढे आपली आपण तापत राहते. अमेरिकेत रे आर्डेन यांनी 1947 साली हा ग्लो प्लग बाजारात आणला, आणि मॉडेलमधून इग्निशनचं सगळं लटांबर उतरलं.

विमानाचं इंजिन असतं तर फळीला बोल्टने आवळून, पंखा लावून अंगणातच रनिंग उरकलं असतं. तोच पंखा भारही देतो आणि वाराही. हेलिकॉप्टरचं इंजिन असं उघडं चालवता येत नाही. भार नसला तर ते बेफाम पळेल, आणि त्याचा कूलिंग फॅन यंत्राच्या चौकटीत, आवरणात बसवलेला. म्हणून पहिलं रनिंग हेलिकॉप्टरमध्येच, म्हणजे हवेतच. रोटर मिनिटाला 1800 फेऱ्या घेत असेल आणि गिअर साडेआठास एक असेल, तर इंजिन 15,300 फेऱ्यांवर असतं. पिस्टन सेकंदाला अडीचशेच्या वर हेलपाटे घालतो. पात्याची टोकं तेव्हा ताशी साडेचारशे किलोमीटरच्या आसपास धावतात. स्टार्टर लावताना एक हात रोटरच्या डोक्यावर घट्ट ठेवतात तो यासाठी: थ्रॉटल चुकून अर्धा राहिला तर क्लच धरेल आणि पाती जमिनीवरच फिरायला लागतील.

मग पहिली टाकी. गव्हर्नर बंद, कारण रिच इंजिन मंदावलं की तो थ्रॉटल उघडत बसतो. नीडल कारखान्याच्या पुस्तकात सांगितलेल्यापेक्षा थोडी जास्त उघडी. हेलिकॉप्टर गुडघाभर उंचीवर जड चालीने होव्हर करतं, सायलेन्सरमधून पांढरा दाट धूर, शेपटीवर तेलाचे ओघळ. मिनिट-दोन मिनिटांनी उतरवायचं, पूर्ण निवू द्यायचं, पुन्हा उचलायचं. तापणं आणि निवणं, दोन्हींनी मिळून काम होतं. पाती थांबली की इंजिनाच्या मागच्या झाकणावर बोट ठेवून पाहतात. दोन-तीन सेकंद टिकलं तर ठीक. बोट झटक्यात मागे आलं तर नीडल एक-दोन क्लिक उघडायची. पुढच्या टाकीला एक-दोन क्लिक आवळायची. इंजिन मोकळं झाल्याची खूण कानाला कळते. आधी तापलं की आवाज हळूहळू खाली बसायचा, आता तो एका पट्टीत राहतो, आयडलला सोडलं तरी बंद पडत नाही.

क्लिकांचा हिशेब पुस्तकातून जसाच्या तसा उचलता येत नाही. बरीचशी नामांकित इंजिनं ओसाकाच्या, 1936 पासूनच्या ओ.एस. कंपनीची, आणि पुस्तकंही तिथलीच. नाशिक मात्र समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आत-बाहेर. इथली हवा किंचित विरळ, म्हणून नीडल मुंबईपेक्षा थोडी आवळावी लागते. पण निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर आला की हवा दाट होते, आणि तीच नीडल लीन ठरते. सकाळी सातला जमवलेलं सेटिंग दुपारी बाराला बदलतं, हे गंगापूर रोडच्या द्राक्षबागायतदाराला सांगायला नको. थंडीचा ताळेबंद तो रोजच मांडतो.

उडवायचं कुठे, हा नाशकातला वेगळाच पेच. ओझरचा विमानतळ आणि एचएएल, देवळालीचं स्कूल ऑफ आर्टिलरी, गांधीनगर; बरंचसं आकाश आधीच दुसऱ्याच्या नावावर आहे. 2021 च्या ड्रोन नियमांनंतर सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलचा नकाशा उघडून हिरवा पट्टा बघायचा आणि मगच गाडी काढायची.

दिवस संपला की टाकी रिकामी करून उरलेलं इंधन इंजिनात जाळून टाकायचं आणि आफ्टर-रन ऑइलचे थेंब कार्बोरेटरमधून सोडायचे. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, नायट्रोच्या जळिताने आम्ल बनतं, आणि जुलैतला एक आठवडा विसरलात तर मागचं बेअरिंग गंजून खरखरायला लागतं. ब्रशलेस मोटर आणि लिपो बॅटरीवाल्यांना यातलं काहीच नाही: ना रनिंग, ना धूर, ना हाताला एरंडेलाचा वास. नवीन पोरं तिकडेच जातात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. बॅटरी उतरली की मात्र चार्जरजवळ बसून राहावं लागतं. ग्लोवाला तोवर टाकी भरतो, रोटरच्या डोक्यावर हात ठेवतो आणि पुन्हा स्टार्टर लावतो.