छत्रीला डोळा असतो!

पलूसच्या एखाद्या मंगल कार्यालयात लग्न लागलंय असं समजा. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली आणि स्टेजवर फोटोसाठी झुंबड उडाली. आधी मामा-मामी, मग भिलवडीचे पाहुणे, मग कुंडलची आत्या आणि तिची पोरं. फोटोग्राफर दादा "हं, इकडं बघा" म्हणतात, बटण दाबतात आणि लख्खकन उजेड पडतो. हा उजेड नुसत्या कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा नसतो बरं का. स्टेजच्या दोन्ही अंगांना ज्या पांढऱ्या छत्र्या उभ्या केलेल्या असतात, त्यांच्यातले मोठे फ्लॅशही त्याच क्षणी उडतात.

आता पंगतीला पळायच्या आधी एक शोध घ्या. कॅमेऱ्यापासून त्या छत्रीपर्यंत वायर कुठून गेलीय? छत्रीच्या दिव्याची एक वायर भिंतीवरच्या प्लगमध्ये गेलेली दिसेल. कॅमेऱ्याकडे मात्र काहीच जात नाही. मग इकडं बटण दाबलं हे तिकडच्या दिव्याला कळलं कसं?

विचारलंत तर दादा सांगतील, "वायर कशाला लागतीय? त्याला डोळा हाय की!"

आणि ते अगदी खरं आहे. दिव्याच्या पेटीवर हरभऱ्याएवढा एक पारदर्शक ठिपका असतो. त्याच्या आत प्रकाश ओळखणारा एक इलेक्ट्रॉनिक भाग बसवलेला असतो. फोटोग्राफर मंडळी त्याला 'स्लेव्ह' म्हणतात. कॅमेऱ्यावरच्या छोट्या फ्लॅशचा उजेड या डोळ्यावर पडला की तो पेटीतल्या विजेला सोडून देतो. (हल्ली पुष्कळ जण यासाठी रेडिओवर चालणारं यंत्र वापरतात. तुमच्या लग्नातल्या दादांकडे ते असेल तर त्यांना थोडा वेळ डोळ्यावर काम चालवायला सांगा. बहुतेक ऐकतील.)

या पेटीत डोकावण्यासारखं फार आहे. मात्र आपण डोकावायचं ते मनातल्या मनात. खरी पेटी उघडायला जाऊ नका. आत कपॅसिटर नावाचा एक भाग असतो, तो वीज साठवून ठेवतो. तिचा दाब तीनशे व्होल्ट किंवा त्याहून जास्त असतो, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टच्या वर. प्लग काढला तरी ही वीज बराच वेळ आत बसून राहते आणि ती जीवावर बेतू शकते.

फ्लॅश उडून गेल्यावर बारीक 'चिंऽऽ' असा आवाज येतो तो ऐकलाय? तो कपॅसिटर पुन्हा भरला जातानाचा आवाज. भरला की छोटा दिवा लागतो : तयार! पण तयार असलेली ही वीज लगेच का उडत नाही? कारण तिची वाट अडलेली असते. फ्लॅशच्या काचेच्या नळीत झेनॉन नावाचा वायू भरलेला असतो आणि वायूतून वीज सहजासहजी जात नाही. तीनशे व्होल्टचा जोर तिथे कमी पडतो.

डोळ्याचं काम इथून सुरू होतं. त्याला उजेडाचा झटका दिसला की तो एका छोट्या कॉइलमध्ये विजेचा ठोका सोडतो. या कॉइलमध्ये तारेचे थोडे वेढे एका बाजूला आणि पुष्कळ वेढे दुसऱ्या बाजूला असतात. त्यामुळे दुसऱ्या बाजूला तोच ठोका चार-पाच हजार व्होल्टचा होऊन बाहेर पडतो. टिकतो किती? सेकंदाच्या लाखाव्या-दहा लाखाव्या भागाच्या हिशेबात मोजावा इतका. हा ठोका काचेच्या नळीबाहेरच्या बारीक तारेला मिळतो, आतल्या वायूच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि वायूतून वाट मोकळी होते. मग कपॅसिटरमधली सगळी वीज एकदम नळीतून धावते. क्षणभर शंभराहून जास्त अँपियर! तुमच्या घरातला मोठा प्लग पंधरा-सोळा अँपियरचा असतो, त्यावरून अंदाज करा. सेकंदाच्या हजाराव्या भागात खेळ आटोपतो. तेवढ्यात आत्याच्या पोरांनी डोळे मिटले असतील तर त्याला कोणाचाच इलाज नाही.

या सगळ्यात कॅमेऱ्याच्या उजेडाने काय केलं? त्याने छत्रीच्या दिव्याला वीज दिली नाही. वीज तिथे आधीपासून होती. रानात उसाला पाणी पाजताना तुमचे आजोबा पाटाचं दार मोडतात ना, खोऱ्याने ढेकळं बाजूला करतात आणि पाणी सरीत शिरतं, तसंच हे. पाण्याचा जोर खोऱ्याचा नसतो. खोऱ्याने फक्त वाट दिली. इथे उजेडाने वाट दिली.

पण कार्यालयात तर सगळीकडे उजेड असतो. ट्यूबलाइट, रंगीत माळा, खिडकीतलं ऊन. मग छत्री सारखी का उडत नाही? कारण या डोळ्याला उजेड किती आहे याच्याशी देणं-घेणं नसतं. उजेड किती झटक्यात वाढला, एवढंच तो बघतो. ट्यूबचा उजेड एकसारखा पडत राहतो, म्हणून तो दुर्लक्ष करतो. मोबाइलचा दिवा आधीच मंद, आणि उजळायलाही वेळ घेतो, म्हणून बहुतेक वेळा त्यालाही दाद देत नाही. पण एखाद्या पाहुण्याने स्वतःचा फ्लॅशवाला कॅमेरा काढला की संपलं! डोळ्याला दोन फ्लॅशमधला फरक कळत नाही. पाहुण्याच्या फोटोला छत्र्या उडून जातात, कपॅसिटर रिकामा होतो, आणि लगेच दादांनी बटण दाबलं तर त्यांचा फोटो काळपट येतो. फोटोग्राफर लोक पाहुण्यांच्या कॅमेऱ्याकडे त्रासून का बघतात ते आता समजलं असेल.

दादांना सवड असेल तेव्हा त्यांना विचारून एक प्रयोग करा. त्या डोळ्यावर तळहात धरा आणि त्यांना फोटो काढायला सांगा. कॅमेऱ्याचा फ्लॅश उडेल, ती छत्री गप्प बसेल. हात काढा, लगेच उडेल. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण अदृश्य दोरी कुठून कुठे गेलीय ते त्यातून हाताला कळतं.

पलूसच्या शेजारी किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये तिथल्या माळावर कारखाना वसवला. आधी लोखंडी नांगर झाले, पुढे पंप आले, त्यामुळे मोटार-पंप तुमच्या अगदी ओळखीचे. गंमत म्हणजे या झटपट फ्लॅशचा इतिहासही मोटारींपाशी जातो. अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन नावाचे इंजिनिअर १९३० च्या सुमारास मोटारींचा अभ्यास करत होते. मोटार चालू असताना तिच्या फिरत्या भागाचं काय होतं ते डोळ्यांना दिसत नाही, नुसतं गरगरताना दिसतं. एजर्टननी दिवा असा उडवला, की मोटारीच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच उजेड पडावा. मोटार मिनिटाला १४४० फेरे घेत असेल तर दिवाही मिनिटाला १४४० वेळा उडणार. प्रत्येक वेळी ती त्याच जागी दिसते आणि जोरात फिरणारी मोटार जागच्या जागी थांबलेली भासते! असला दिवा लावलेल्या यंत्राला बोट लावायचं नसतं, कारण ते थांबलेलं नसतंच. पुढे याच युक्तीने एजर्टननी दुधाचा थेंब पडताना उडालेला मुकुट आणि सफरचंदातून आरपार जाणारी गोळी यांचे फोटो काढले.

उजेड विजेला वाट देतो, हे मात्र त्याच्याही आधी एकाला दिसलं होतं, तेही अगदी अवचित. साल १८८७. जर्मनीतल्या कार्ल्सरूह गावी हाइनरिश हर्ट्झ विजेच्या ठिणग्यांवर प्रयोग करत होते. एका यंत्रात मोठी ठिणगी उडायची आणि तिच्यामुळे थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या तारेच्या फटीत बारीक ठिणगी उडायची. ही बारीक ठिणगी नीट दिसावी म्हणून हर्ट्झनी तिच्याभोवती काळोखी पेटी लावली. आता ती छान दिसायला हवी होती. झालं भलतंच, ती लांडी झाली! पूर्वी जेवढी फट ती ओलांडायची तेवढी आता ओलांडेना.

दुसरा कुणी असता तर पेटी काढून पुढच्या कामाला लागला असता. हर्ट्झ तिथेच थांबले. मोठ्या ठिणगीचा उजेड अडला म्हणून असं झालं का, हे बघायला त्यांनी मध्ये काच धरली. काचेतून तर उजेड आरपार दिसतो, तरी ठिणगी लांडीच. मग क्वार्ट्झ या खनिजाचा तुकडा धरला, तर ठिणगी पुन्हा लांब. क्वार्ट्झमधून जातो, पण साध्या काचेत अडकतो असा उजेड म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश. तो धातूवर पडला की धातूतून इलेक्ट्रॉन उडवतो आणि त्या इलेक्ट्रॉनमुळे ठिणगीला हवेत वाट मिळते. तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागला नव्हता, त्यामुळे हर्ट्झना कारण सांगता आलं नाही. ते १९०५ मध्ये आइनस्टाइननी सांगितलं आणि त्यांना १९२१ चं नोबेल मिळालं ते याच कामाबद्दल.

आता आपल्या महाराष्ट्रात या, इथेही उजेड विजेला इशारा देतो. चंद्रपूरला कोळशावर वीज तयार होते, आणि ती हवी असते पश्चिमेकडे. त्यासाठी चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातलं पडघे अशी ७५२ किलोमीटरची खास लाइन १९९९ पासून चालू आहे. तिच्या एका तारेवर अधिक पाच लाख व्होल्ट, दुसरीवर उणे पाच लाख व्होल्ट! घरातली वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलत वाहते. या लाइनमधली मात्र एकाच दिशेने जाते. चंद्रपूरला तिला एकदिशा करायचं आणि पडघ्याला पुन्हा घरात चालेल अशी करायचं, हे काम थायरिस्टर करतात. थायरिस्टर म्हणजे सिलिकॉनची चकती. इशारा मिळेपर्यंत ती वीज अडवून धरते, इशारा मिळाला की सोडते.

एक थायरिस्टर काही हजार व्होल्टच पेलतो, म्हणून पुष्कळ थायरिस्टर एकापुढे एक जोडतात. एका रांगेतल्या सगळ्यांना एकाच क्षणी इशारा मिळायला हवा, तोही सेकंदाला ५० वेळा. एखादा मागे राहिला तर सगळा ताण त्याच्या एकट्यावर येईल. बरं, हे बसलेत लाखो व्होल्टच्या दाबावर, आणि इशारा देणारा कॉम्प्युटर चालतो चार-पाच व्होल्टवर. दोघांमध्ये तांब्याची तार जोडली तर? तीच लाखो व्होल्टची वीज तारेवरून कॉम्प्युटरच्या खोलीत येऊन सगळ्याची राख करील. म्हणून तिथे तांबं नसतं, काच असते. केसासारख्या बारीक काचतंतूंमधून प्रकाशाचा ठोका वर जातो आणि थायरिस्टरजवळच्या छोट्या सर्किटला सांगतो : सोड! काचेतून प्रकाश जातो, वीज परत येऊ शकत नाही. मला वाटतं, प्रकाशाकडून काम करून घेण्याचं याहून चांगलं कारण दुसरं नाही.

प्रकाश घाईसुद्धा केवढी करू शकतो! १९७५ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डेव्हिड ऑस्टन यांनी सिलिकॉनच्या तुकड्यावर लेसरचा अतिशय आखूड झोत मारला. एरवी वीज अडवणारा तो तुकडा पिकोसेकंदात वीज वाहू देऊ लागला. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. सेकंदाला तीन लाख किलोमीटर पळणारा प्रकाश तेवढ्या वेळात एक मिलिमीटरही जात नाही, जेमतेम ०.३ मिलिमीटर सरकतो. गॅलियम आर्सेनाइड नावाच्या पदार्थाच्या तुकड्यांनी तर हजारो व्होल्टची वीजही लेसरच्या इशाऱ्यावर सोडता येते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत याच जातीच्या, लेसरने चालणाऱ्या स्विचवर काम झालं आहे.

आणि आकाशातली वीज? एप्रिल-मेमध्ये पलूसच्या द्राक्षबागांवर वळवाचे ढग चढतात आणि कडाडायला लागतं, तेव्हा झाडाखालून उठून घरात पळायचं हे तुम्हाला माहीतच आहे. त्या विजेलाही उजेडाने वाट देता येईल का, हे स्वित्झर्लंडमधल्या सेंटिस डोंगरावर करून पाहिलंय. सुमारे अडीच हजार मीटर उंचीच्या त्या शिखरावर १२४ मीटर उंच मनोरा आहे. त्याच्यावर वर्षाला सुमारे शंभर वेळा वीज पडते. २०२१ च्या उन्हाळ्यात शास्त्रज्ञांनी त्याच्याशेजारी तीन टनांहून जड लेसर नेऊन बसवला आणि सेकंदाला सुमारे हजार झोत आकाशात सोडले. लेसरच्या वाटेवरची हवा तापून विरळ झाली. लेसर स्वतः वीज पाडत नव्हता. पण तो चालू असताना मनोऱ्यावर चार वेळा वीज चमकली, आणि एकदा आकाश मोकळं असल्याने वेगवान कॅमेऱ्यांना ती नीट टिपता आली. पन्नासहून अधिक मीटर ती लेसरच्या रेषेला धरून गेली होती. हा निकाल जानेवारी २०२३ मध्ये छापून आला, आणि दहा मीटर उंचीच्या साध्या वीजरोधकाची पोच या लेसरने पाचशे मीटरने वाढवायची, असा त्या मंडळींचा बेत आहे.