मिठाला पाणी सुटलं की समजा, कपाटातली सिगारही धोक्यात आहे!

पावसाळ्यात पालघर, बोईसर, तारापूरच्या घरांत बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. त्याच घरात परदेशातून आणलेला सिगारचा बॉक्स असेल, तर काळजी घ्यायची वेळ आली.

सिगारला लागते 65 ते 70 टक्के आर्द्रता. कमी पडली तर तंबाखूची पानं तडकतात, जास्त झाली तर बुरशी धरते. म्हणून ती ह्युमिडोरमध्ये, म्हणजे आर्द्रता स्थिर ठेवणाऱ्या पेटीत ठेवतात.

पण इथेच गल्लत होते. पेटीत ओला स्पंज ठेवायचा सल्ला कोरड्या हवेच्या ठिकाणी ठीक आहे. बोईसरच्या जुलैत तोच स्पंज बुरशीला आमंत्रण देतो. इथे पाणी घालण्यापेक्षा बाहेरचा दमटपणा अडवणं महत्त्वाचं.

त्यामुळे निवडताना आधी झाकण बघा. लाकडी पेटीला आतून स्पॅनिश सीडर असतं. नाव सीडर, पण झाड महोगनीच्या कुळातलं. झाकण सैल असेल तर हे महागडं लाकूडही कामाचं नाही. रबरी कड असलेला प्लास्टिकचा हवाबंद डबा स्वस्त आणि इथल्या हवेत जास्त भरवशाचा. आत 65 टक्क्यांचं ‘टू-वे’ पाकीट ठेवावं. ते गरजेप्रमाणे ओलावा सोडतं आणि शोषूनही घेतं. कडक झालं की बदलायचं.

आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर बरोबर आहे का, हे मीठच सांगतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्याने ओलसर करा, पण विरघळू देऊ नका. ते आणि मीटर हवाबंद पिशवीत दिवसभर ठेवा. आकडा 75 च्या आसपास हवा. 70 दाखवला, तर मीटर 5 ने कमी दाखवतोय.

दुसरा शत्रू म्हणजे तंबाखूतला किडा. उष्ण हवेत त्याची अंडी फुटतात आणि सिगारला टाचणीएवढी भोकं पडतात. म्हणून डबा घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावा, उन्हात किंवा फ्रिजवर नाही.

आणि एक लक्षात असू द्या: ह्युमिडोरमुळे सिगार टिकते, तिच्यामुळे होणाऱ्या कॅन्सरचा धोका कमी होत नाही.