बंद दारांचा नाताळ

नाताळच्या सुट्टीत परदेश पाहून यावा, ही हौस आता मध्यमवर्गीय मराठी घरांतही रुजू लागली आहे. मुलगा किंवा मुलगी तिकडे शिकत असते. भेटही होईल आणि लंडनही पाहून होईल, असा साधा हिशेब त्यामागे असतो. या हिशेबात विमानाचे भाडे, निवासाचा खर्च, व्हिसाचे शुल्क हे सारे मांडलेले असते. राहून जाते ती एकच बाब: ज्या दिवसासाठी एवढा खटाटोप केला, त्या २५ डिसेंबरला लंडन जवळजवळ बंद असते.

ही अतिशयोक्ती नव्हे. त्या दिवशी लंडनची भुयारी रेल्वे धावत नाही, शहराच्या लाल बस धावत नाहीत आणि देशभरातील आगगाड्याही उभ्या असतात. ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरी या संस्थांत वर्षभर विनामूल्य प्रवेश मिळतो. पण २४, २५ व २६ डिसेंबरला त्यांची दारे बंद असतात. २८० चौरस मीटरांहून मोठ्या दुकानाने नाताळच्या दिवशी व्यवहार करू नये, असा इंग्लंड व वेल्सपुरता कायदा २००४ साली झाला आहे. त्यातच सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चार वाजण्यापूर्वी मावळतो.

श्रीमंत प्रवाशाला याची झळ फारशी लागत नाही. त्याच्या हॉटेलात मेजवानी असते, दाराशी भाड्याची मोटार असते. काटकसरीने हिंडणाऱ्याचे मात्र सारे जीवन सार्वजनिक सोयींवर चालते. संग्रहालय हे त्याचे मनोरंजन, भुयारी रेल्वे हे त्याचे वाहन आणि मोठ्या दुकानातील स्वस्त पाव हे त्याचे जेवण. या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी काढून घेतल्या की परक्या शहरात आपण किती उपरे आहोत, याची जाणीव त्याला तीव्रतेने होते. सुट्टीत वसतिगृहात मागे राहिलेल्या आपल्या विद्यार्थ्यांची अवस्था याहून फारशी वेगळी नसते.

असे असूनही, या बंदीमागील विचार समजून घेतला पाहिजे. ही प्रथा अनादि काळापासून चालत आलेली नाही. याच इंग्लंडच्या संसदेने १६४७ साली नाताळ साजरा करण्यासच मनाई केली होती. स्कॉटलंडमध्ये तर हा दिवस १९५८ पर्यंत सार्वजनिक सुट्टीचा नव्हता. २००४ च्या कायद्यामागे दुकानांत राबणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या संघटनेची मागणी होती. वर्षातून एक दिवस तरी गल्ल्यामागील माणसाला स्वतःच्या घरी जेवता यावे, एवढीच ती मागणी होती. प्रवाशाच्या गैरसोयीपेक्षा हे मोल निश्चितच अधिक आहे. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या रात्री एस.टी. हाकणाऱ्या चालकाचा विचार आपण किती वेळा करतो?

मात्र हा न्याय अपुरा आहे, हेही सांगितले पाहिजे. सारी वाहतूक थांबते तेव्हा खासगी मोटारी थांबत नाहीत. रुग्णालयातील परिचारिकेला त्या दिवशीही कामावर जावे लागते. एकट्या राहणाऱ्या वृद्धेला मुलीच्या घरी पोहोचायचे असते. ज्याच्याकडे मोटार आहे त्याचा सण होतो, नाही त्याने पायपीट करावी किंवा टॅक्सीसाठी जास्त पैसे मोजावेत. काही थोड्या बस, वाढीव वेतन देऊन आणि स्वखुशीने येणाऱ्या चालकांकडून, चालवता येणार नाहीत काय? कामगाराची सुट्टी आणि गरिबाची सोय यांत वैर मानण्याचे कारण नाही.

ज्यांना जायचेच आहे त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. निवास शहराच्या मध्यभागी, पायी हिंडता येईल असा घ्यावा. चार पैसे जास्त गेले तरी ते वसूल होतात. दोन दिवसांचा शिधा २४ तारखेच्या दुपारपूर्वीच आणून ठेवावा. विमानाचे येणे-जाणे २५ तारखेला ठेवायचे असेल, तर विमानतळापर्यंतची व्यवस्था आधी पक्की करावी. लहान दुकानांना कायद्याची बंदी नसल्याने काही उघडी असतात, आणि त्यांतील कित्येक आपल्याच उपखंडातील लोकांची असतात. थेम्सच्या काठाने चालायला पैसे पडत नाहीत. ट्रॅफल्गर चौकातील उंच सूचिपर्णी वृक्ष पाहायलाही पडत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने केलेल्या साहाय्याची कृतज्ञता म्हणून ऑस्लो शहर १९४७ पासून दरवर्षी तो पाठवत आले आहे. चर्चमधील मध्यरात्रीच्या प्रार्थनेलाही परक्या माणसाला सहसा मज्जाव नसतो. मागच्या बाकावर शांतपणे बसावे, इतकेच.

हा प्रश्न केवळ लंडनचा आहे असे समजून आपण मोकळे होऊ नये. पुण्यात दिवाळीच्या चार दिवसांत खाणावळी बंद होतात आणि दूर गावचे, परप्रांतांतले किंवा आफ्रिकेतून आलेले विद्यार्थी वडापाव शोधत हिंडतात. त्यांच्या खोल्यांसमोरून आपण फराळाची ताटे घेऊन शेजारी जातो. खाणावळ चालवणाऱ्या बाईला तिची दिवाळी मिळालीच पाहिजे. पण तेवढ्याने त्या मुलांची भूक मिटत नाही. ती मिटवण्याचे काम कोणत्याही कायद्याच्या आवाक्यातले नाही. ते घरांचे, मंडळांचे आणि महाविद्यालयांचे काम आहे. सुट्टीच्या आधी प्राध्यापकाने वर्गात एवढेच विचारावे, की या चार दिवसांत येथे कोण राहणार आहे. ज्यांचे हात वर होतील, त्यांना एका दुपारी घरी जेवायला बोलावणे कारकुनाच्या पगारातही सहज बसते.